दहा महिन्यांनी लिहितेय: लॅच चांगलं आहे, पण आधी त्याच्या मागची पट्टी मोजून घ्या

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेदहाला मी आमच्याच दाराबाहेर उभी होते. किल्ली लॅचमध्ये गेली, फिरली, अख्खी गोल फिरली, पण आतून तो ओळखीचा ‘खट्’ काही आला नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. ना घट्टपणा, ना अडकणं. रिकाम्या डब्यात चमचा फिरवावा तशी किल्ली फिरत होती. आई आत झोपलेली, तिला कमी ऐकू येतं. वीस-पंचवीस मिनिटं कडी वाजवल्यावर ती उठली, तिनं आतला नॉब फिरवला आणि दार एका क्षणात उघडलं. म्हणजे तेच लॅच आतून ठणठणीत आणि बाहेरून मेलेलं.

त्या रात्री मी ठरवलं होतं की या लॅचबद्दल लिहायची वेळ आली तर एकच ओळ लिहायची: घेऊ नका. ती ओळ आज मी मागे घेतेय. पण का, ते सांगायला सुरुवात जुन्या कुलपापासून करावी लागेल.

आमचं घर शहराच्या जुन्या भागातलं आहे. दार दोन झडपांचं, जाड लाकडाचं, हातानं रंधलेलं. त्यामुळे त्याची जाडी सगळीकडे सारखी नाही. वरच्या बाजूला ५० मिलिमीटर, खालच्या बाजूला ५३. हे आकडे लक्षात ठेवा, सगळा घोळ त्यातच आहे. या दाराला लांब दांड्याच्या किल्लीचं जुनं लिव्हरचं कुलूप होतं. एका संध्याकाळी किल्लीचे दाते आतच तुटले आणि तातडीनं येणाऱ्या एका सेवेला मी फोन केला. माणूस वेळेवर आला, हे मान्य. टॉर्च मारून त्यानं एक तार आत घातली, जेमतेम चार मिनिटं खुडबुड केली आणि म्हणाला, “हे उघडणार नाही मॅडम, ड्रिल मारावं लागेल.” अंधार पडत होता, आई पायरीवर बसली होती. मी हो म्हणाले. त्या ‘हो’ची हळहळ अजून आहे.

लिव्हरच्या कुलपात पितळेच्या किंवा लोखंडाच्या पातळ पाती एकावर एक बसवलेल्या असतात. किल्लीचा प्रत्येक दाता आपापली पात ठरलेल्या उंचीपर्यंत उचलतो. कमी उचलली तर बोल्ट, म्हणजे दार अडवून धरणारा दांडा, सरकत नाही आणि जास्त उचलली तरीही नाही. ही दुहेरी अट रॉबर्ट बॅरननं १७७८ मध्ये आणली. मग १८१८ मध्ये जेरेमाया चब यानं कुणी छेडछाड केली तर मालकाला कळेल अशी सोय त्यात घातली. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिरानं चबचं ते कुलूप सुमारे २५ मिनिटांत न फोडता उघडून दाखवलं. ब्रामा या इंग्रज कुलूपकाराच्या, उघडून दाखवण्याचं आव्हान दिलेल्या कुलपाला मात्र त्याला ५१ तास लागले, तेही १६ दिवसांत विभागून. हे मी राग शांत करायला वाचत बसले आणि राग वाढलाच. जगातला सगळ्यात नावाजलेला माणूस एका कुलपासमोर इतके तास बसतो आणि आमच्या कुलपाच्या वाट्याला चार मिनिटं येतात.

फोडलेलं कुलूप मी टेबलावर उघडलं. एका पातीची स्प्रिंग तुटलेली होती. त्यामुळे ती पात जागेवर परत येत नव्हती, किल्ली जड जात होती आणि आम्ही रोज जोर लावून फिरवत होतो. किल्ली तुटली ती त्या जोरानं. तुटलेले दाते तळाशी नुसते पडले होते. एक पात आणि वरचं झाकण ड्रिलनं फाटलं होतं, बाकीचं सगळं धड होतं. म्हणून जुन्या घरात राहणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की फोनवरच विचारा: न फोडता उघडायचा प्रयत्न किती वेळ करणार, आणि फोडायचंच झालं तर त्याचे पैसे वेगळे किती? उत्तर टाळलं तर दुसऱ्याला फोन लावा.

त्याच सेवेनं दुसऱ्या दिवशी हे लॅच बसवलं. मजुरी लॅचच्या किमतीच्या दीडपट लावली. दाराच्या पृष्ठभागावर बसणारं लॅच निवडलं, तो निर्णय मात्र बरोबर होता. दाराच्या जाडीत खोबण कोरून बसवायचं कुलूप जुन्या लाकडात घालायचं म्हणजे नेमक्या सांध्याजवळ पोकळी करायची आणि दार तिथंच कमजोर करायचं. इथं फक्त ३२ मिलिमीटरचं एक आरपार भोक लागतं. (घर वारशाच्या यादीत असेल तर हे एक भोक पाडण्याआधीही परवानगी लागते का, ते विचारून घ्या.)

पहिले दोन-तीन महिने मी खूश होते. आत पिनांचं सिलिंडर (किल्ली जिच्यात जाते ती नळी) आहे, लायनस येल या अमेरिकन कुलूपकारानं १८६१ मध्ये पेटंट घेतलं त्याच तत्त्वाचं. किल्ली बोटाएवढी, खिशात मावणारी. आईची बोटं संधिवातानं वाकली आहेत. जुनी किल्ली तिला दोन हातांनी फिरवावी लागायची, हा नॉब ती तळव्यानं ढकलते. बाहेर पडायला किल्ली शोधावी लागत नाही. आग लागली, चक्कर आली, तर तिला एका हालचालीत बाहेर पडता यायला हवं. माझ्या मते म्हाताऱ्या माणसाच्या घरात दाराची ही पहिली कसोटी आहे, चोराची दुसरी.

पण याच लॅचला एक गोष्ट अशी आहे जी खोक्यावर बारीक अक्षरात लिहिली होती आणि बसवणाऱ्यानं सांगितली नाही. बाहेरून किल्लीचे दोन फेरे दिले की आतला नॉबही बंद पडतो. घर रिकामं असताना ते चांगलं, कारण कुणी खिडकीतून शिरलं तरी त्याला दार उघडता येत नाही. आई आत असताना मात्र तेच तिला कोंडणं झालं. मला हे पाचव्या दिवशी कळलं, तिनं फोन करून सांगितलं तेव्हा. आता ती घरी असेल तर मी दार फक्त ओढून घेते.

तर सहाव्या महिन्यापर्यंत एवढंच. अधूनमधून किल्ली किंचित आत दाबून फिरवावी लागायची. नवीन आहे, बसेल हळूहळू, असं म्हणून मी सोडून दिलं. ती खूण होती, मी वाचली नाही.

त्या रात्रीनंतर सेवेशी भांडण सुरू झालं. पहिल्या फोनवर त्यांनी सांगितलं, दार फुगलंय, हे वॉरंटीत येत नाही. दुसऱ्या फोनवर म्हणाले, लॅचच बदला, वरचं मॉडेल घ्या, त्यात असं होत नाही. मी म्हणाले, लाकूड जुनं आहे हे बसवताना तुमच्या माणसाला दिसत होतं, मग तेव्हा का नाही सांगितलं? तिसऱ्या फोनवर फोटो मागितले, फोटो पाठवले, आणि मग उत्तरच आलं नाही. नवीन लॅच म्हणजे पुन्हा दीडपट मजुरी. मी घेणार नव्हते.

शेवटी शेजारणीनं एका वयस्कर किल्लीवाल्यांचा नंबर दिला. फोनवर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “ताई, किल्ली फिरते म्हणता, ती हाताला जड लागते का हलकी?”

“हलकी. अगदी हलकी.”

“मग कुलूप चांगलं आहे. मागं पोचत नाहीये ते.”

ते आले, दार उघडं ठेवायला सांगितलं, आतून स्क्रू काढले आणि लॅचची पेटी उचलून बाजूला ठेवली. सिलिंडरच्या पाठीला जोडलेली एक चपटी पट्टी असते, ती दारातल्या भोकातून आत येते आणि पेटीतल्या फटीत बसते. तुम्ही बाहेरून किल्ली फिरवता तेव्हा पेटीपर्यंत ती फिरकी नेणारी वस्तू ही एवढीच. पट्टी मुद्दाम लांब येते आणि तिच्यावर ठरावीक अंतरावर खाचा असतात. दाराची जाडी मोजायची आणि पक्कडीनं योग्य खाचेवर मोडायची. लाकडाच्या बाहेर ती १२ ते १५ मिलिमीटर तरी यायला हवी. काकांनी मोजपट्टी लावून दाखवलं: आमची ६ मिलिमीटरच बाहेर होती. पहिल्या माणसानं जाडी न मोजता, पातळ दाराला मोडतात तशी सवयीनं मोडली होती.

मग सहा महिने चाललं कसं? पट्टीचं टोक फटीच्या काठावर कसंबसं धरून होतं. लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण आडवं फुगतं. पावसाळ्यात दार चौकटीला घासायला लागलं की रुंदी वाढल्याचं आपल्याला कळतं, पण जाडीही थोडी वाढते हे कुणाच्या लक्षात येत नाही. ५० मिलिमीटरच्या दारात अर्धा मिलिमीटर. तेवढ्यानं आमची पट्टी फटीतून सुटली. आतला नॉब थेट पेटीवरच असल्यामुळे त्याला पट्टीची गरज नाही, म्हणून आई आतून उघडू शकली. घर रिकामं असतं तर पुन्हा ड्रिल आलं असतं आणि दोष पुन्हा दाराच्या माथी मारला गेला असता.

काकांच्या पिशवीत जुन्या सिलिंडरमधून काढलेल्या पट्ट्यांचा एक डबा होता. त्यातली एक त्यांनी दोन बारीक स्क्रूंनी जोडली, मोजली, मोडली आणि टोक कानशीनं घासून गुळगुळीत केलं. दार उघडंच ठेवून किल्ली वीसेक वेळा दोन्ही बाजूंनी फिरवली, मगच दार लावलं. हा उघड्या दाराचा नियम आता मी घरातही पाळते. लॅचला कुणीही हात लावला की आधी दार उघडं ठेवून तपासायचं. सगळं मिळून अर्धा तास लागला. सेवेनं वरच्या मॉडेलची जी किंमत सांगितली होती, तिच्या दहाव्या भागाइतकेही पैसे त्यांनी घेतले नाहीत.

मला ठाऊक आहे की मी एका बोटभर पट्टीवर इतकं लिहितेय. पण या लॅचची जेवढी वर्णनं मी वाचली त्यांत किल्लीचे किती प्रकार, पिना किती, जीभ किती जाड, सगळं आहे. पट्टी मोजा, असं कुठेच नाही. जाड दार असेल तर विकत घेतानाच विचारा की पट्टी आणि सिलिंडर कसणारे लांब स्क्रू तुमच्या जाडीला पुरतील का.

निघताना काकांनी न सांगता आणखी एक गोष्ट केली. दोन झडपांच्या दारात लॅच एका झडपेवर आणि त्याची जीभ जिच्यात शिरते ती पेटी दुसऱ्या झडपेवर असते. म्हणजे ती दुसरी झडप हलली तर लॅच कितीही भारी असून उपयोग नाही. तिला धरून ठेवतात त्या वरच्या आणि खालच्या खिट्ट्या. खालची खिट्टी त्यांनी उचलून सोडली तर ती उंबरठ्यात नखाएवढीच गेली. भोक वर्षानुवर्षांच्या मातीनं भरलं होतं. स्क्रूड्रायव्हरनं उकरल्यावर ती दोन सेंटिमीटर खाली उतरली. समोरच्या पेटीचे अर्ध्या इंचाचे स्क्रू काढून लांब घातले. चोरीच्या दृष्टीनं हेच काम कदाचित सगळ्यात मोठं होतं आणि त्याला पाच मिनिटं लागली.

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. नॉबचा मुलामा आठव्या महिन्यात उडायला लागला. सोबत तीनच किल्ल्या येतात. चौथी करून घेताना मूळ किल्लीवरूनच करा, नकलेवरून नक्कल केली की प्रत्येक वेळी थोडी चूक वाढत जाते. किल्लीवरचा क्रमांक वहीत लिहून ठेवलाय. सिलिंडरमध्ये तेल घालू नका, त्यावर धूळ चिकटते. मी ग्रॅफाइटची पूड घालते, तीही चिमूटभरच.

आडवा लाकडी अडसर आमच्याकडे अजून आहे आणि ताकदीत तो या लॅचच्या दसपट आहे. पण आईला तो उचलता येत नाही, म्हणून ती एकटी असते त्या रात्री तो भिंतीला टेकून उभा राहतो.

पाऊस संपून दोन महिने झाले. दार सुकलंय, घासणं थांबलंय. किल्ली आता दाबावी लागत नाही, प्रत्येक वेळी ‘खट्’ येतो. लॅचला माझ्याकडून चांगले गुण. बसवणाऱ्या सेवेला पुन्हा कधीही बोलावणार नाही.

जुनं कुलूप काकांनी नेलंय. फाटलेली पात ते पितळी पत्र्यातून कानशीनं नवी काढणार आहेत, झाकणाचं भोक बुजवणार आहेत, स्प्रिंग बनवणार आहेत आणि किल्लीही नवी घडवणार आहेत. तीन आठवडे झाले, मी घाई करत नाहीये. दारावरची त्याची जागा तशीच आहे. वारा येऊ नये म्हणून किल्लीच्या भोकात मी आतून लाकडाची एक खुंटी बसवली आहे.