आयपीक्यू प्रश्नावली : फुकट आणि सुटसुटीत, पण मराठीत आणताना सांभाळून

नवी मुंबईतल्या रबाळे-महापेच्या कारखान्यांत वेल्डिंगचा किंवा आग लागल्यावर बाहेर पडण्याचा सराव व्हीआर, म्हणजे आभासी जग दाखवणाऱ्या, हेडसेटवर घ्यायचा, तर ‘आपण खरंच तिथे आहोत’ असं कामगाराला वाटलं का, हे मोजायला इग्रुप प्रेझेन्स क्वेश्चनेअर, म्हणजे आयपीक्यू, आमच्या मते सगळ्यात सोयीची. हेच मोजणारी विटमर आणि सिंगर यांची १९९८ची प्रश्नावली ३२ प्रश्नांची. शिफ्ट सुटताना ती कोण भरणार? आयपीक्यूत १४च: एक एकंदर जाणिवेचा, पाच जागेच्या भासाचे, चार गुंतून जाण्याचे, चार खरेपणाचे. उत्तरं सात पायऱ्यांवर.

पोर्तुगीज भाषकांसाठीचं रूपांतर २०१६ साली प्रसिद्ध झालं. तिथे नुसत्या भाषांतरावर भागवलं नाही. पोर्तुगीजांकडून भरून घेऊन प्रश्नांचे गट टिकतात का, तेही तपासलं. मराठीतही तसंच करावं. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, बसून एक मसुदा ठरवायचा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून तो परत इंग्रजीत करून घ्यायचा. मग आठ-दहा कामगारांना एकेक प्रश्न वाचून दाखवून ‘काय समजलात?’ विचारायचं. गट तपासायला दोनशेच्या आसपास माणसं हवीत. तिसांच्या एका बॅचवर घटक-विश्लेषण (गट तपासायची आकडेवारीची पद्धत) चालवू नका.

घोळ होतो तो गुण देताना. एसपी२ (जागेच्या भासाचा दुसरा), आयएनव्ही३ (गुंतून जाण्याचा तिसरा) आणि रिअल१ (खरेपणाचा पहिला) या तीन प्रश्नांचे गुण उलटे धरायचे. ० ते ६ची पट्टी असेल तर उत्तर ६मधून वजा करायचं. एसपी२ला, म्हणजे ‘नुसती चित्रं बघतोय असं वाटलं’ याला, कुणी ६ दिले, तर त्याला भास झालाच नाही. एक्सेलमध्ये हे राहून गेलं की अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) घसरतो आणि खापर भाषांतरावर फुटतं. दुसरं, पट्टीच्या दोन टोकांचे शब्द बऱ्याच प्रश्नांना वेगवेगळे आहेत. ‘आजूबाजूच्या खऱ्या जगाची जाणीव किती होती?’ याच्या डावीकडे ‘पुरेपूर’, उजवीकडे ‘अजिबात नाही’. सरसकट ‘असहमत–सहमत’ छापलंत तर तो प्रश्न वाया गेला.

खरेपणाचे प्रश्न ही लंगडी बाजू. ‘आभासी जग खऱ्यापेक्षाही खरं वाटलं’ यावर वेल्डर हसणारच.

मळमळ, गरगरणं यात येत नाही. त्यासाठी १६ लक्षणांची एसएसक्यू (सिम्युलेटर सिकनेस क्वेश्चनेअर) वेगळी भरून घ्या. आयपीक्यू हेडसेट उतरवल्याबरोबर, चहाच्या आधी द्या आणि सुपरवायझरला बाहेर पाठवा. तो शेजारी उभा असला की सगळे ६वर खूण करून मोकळे होतात. असे फॉर्म एसपी२ आणि आयएनव्ही३ या उलट्या प्रश्नांवरून लगेच ओळखू येतात; ते बाजूला काढा.