पत्र्याची टाकी, रबरी ब्लॅडर की पंखातच सीलबंद? विदर्भातल्या धावपट्टीसाठी जुनं ट्रेनर घेताना

जुनं ट्रेनर विमान बघायला गेलं की पहिला प्रश्न इंजिनाच्या तासांचा असतो. पंखात इंधन कशात साठवलंय हे सहसा कुणी विचारत नाही. ते कळतं पहिल्या पावसाळ्यात, सकाळी टाकीतून काढलेल्या इंधनाच्या नमुन्याच्या कपात पाणी आल्यावर. चंद्रपूरचं मोरवा, गोंदियाचं बिरसी, अकोल्याचं शिवणी अशा ठिकाणी विमान ठेवायचं असेल तर हा प्रश्न इंजिनाइतकाच वजनाचा आहे. मोठ्या शहरात टाकी गळली तर शॉप शेजारी असते. इथे सीलंटचा (सांधे बुजवणाऱ्या रसायनाचा) डबासुद्धा मागवावा लागतो, आणि तो येईपर्यंत विमान उभं.

छोट्या विमानांत टाक्या तीन प्रकारच्या. पहिली ॲल्युमिनियमच्या पत्र्याची सुटी टाकी. सेसना १५२, जुनी १७२, पायपर चेरोकी यांत ती आहे, आणि डायमंड डीए-४० चा पंख कंपोझिटचा असला तरी आतली टाकी ॲल्युमिनियमचीच. दुसरी रबरी ब्लॅडर, म्हणजे पंखाच्या पोकळीत बसवलेली पिशवी. जुन्या सेसना १८२ आणि २०६ मध्ये ती सापडते. तिसरी इंटिग्रल, जिच्यात पंखाचा सांगाडाच आतून सीलंट लावून टाकी बनवलेला असतो. सेसना १७२ आर आणि एस या प्रकारातल्या.

आमचं मत आधीच सांगतो. अशा धावपट्टीसाठी पत्र्याची सुटी टाकी सर्वांत सोयीची. इंटिग्रल चालेल, पण तिची दुरुस्ती मे महिन्यात काढू नका. ब्लॅडरवालं विमान ब्लॅडर अलीकडे बदललेले असतील आणि त्याचे कागद हातात असतील तरच घ्या.

पत्र्याची टाकी

हिचा मोठा गुण म्हणजे ती बाहेर काढता येते. इंधन उपसायचं, जोडण्या सोडायच्या, स्क्रू किंवा पट्ट्या काढायच्या, की टाकी टेबलावर. चारही बाजूंनी बघता येते, आणि दुरुस्तीला पाठवायची तर फक्त टाकी जाते, विमान शेडमध्येच राहतं. चेरोकीत टाकीच पंखाच्या पुढच्या कडेचा भाग असते आणि स्क्रूंच्या रांगांनी बसवलेली असते. वर्षानुवर्षं न काढलेले स्क्रू जाम होतात. दोन दिवस आधीपासून त्यांना पेनिट्रेटिंग ऑइल द्या, नाहीतर अर्धा वेळ ड्रिल करून स्क्रू काढण्यातच जाईल.

हिचा शत्रू गंज. पाणी इंधनापेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि तिथूनच पत्रा खातं. बाहेरून टाकीखालच्या फेल्टच्या किंवा रबरी पट्टीत ओल धरली तर पट्टीखाली पांढरी भुकटी दिसते. पट्टी उचलल्याशिवाय ती दिसत नाही, म्हणून खरेदीपूर्व तपासणीत निदान एका बाजूची टाकी उतरवून बघायचा आग्रह धरा.

गळती शोधताना सर्रास होणारी चूक म्हणजे कंप्रेसर थेट जोडणं. साधारण ६० बाय ९० सेंमीच्या पत्र्यावर १ पीएसआय (चौरस इंचाला एक पौंड) दाब म्हणजे जवळजवळ ३८० किलोचा भार. पत्रा फुगतो, रिव्हेट ढिले होतात, आणि एक गळती शोधता शोधता दहा तयार होतात. अमेरिकी नियमांत धातूच्या टाकीसाठी ३.५ पीएसआयचा आकडा आहे, पण तो टाकीचं डिझाइन सिद्ध करण्याच्या चाचणीचा. गळती शोधायला पाव पीएसआय पुरतो. तो मोजायला महागडं गेजही लागत नाही. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून त्यात पाणी भरा. दोन्ही बाजूंच्या पातळीत साडेसतरा सेंमीचा फरक पडला की झाला पाव पीएसआय. मग सांध्यांवर साबणाचा फेस. फेसात दिसत नाही इतकी बारीक गळती असेल तर अमोनिया आणि फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी असते. टाकीत अमोनियाची वाफ, बाहेरून फिनॉल्फ्थॅलिनमध्ये भिजवलेलं पांढरं कापड. भोकासमोर कापड गुलाबी-लाल होतं.

आर्गन वेल्डिंग करणारा आता प्रत्येक तालुक्याला आहे, आणि त्याचा हात चांगलाही असेल. तरी विमानाची टाकी त्याच्याकडे नेऊ नका. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ आणि हवा यांचं पेट घेणारं मिश्रण असतं. ती आधी धुऊन, वाफेने किंवा निष्क्रिय वायूने शुद्ध करावी लागते. दुसरी गोष्ट कागदाची: टाकीची दुरुस्ती डीजीसीएची (भारताच्या नागरी विमान वाहतूक नियामकाची) मान्यता असलेल्या शॉपमध्ये, मंजूर डेटानुसार व्हायला हवी, आणि टाकी परत येताना तिच्यासोबत सीए फॉर्म १, म्हणजे भाग वापरायला योग्य असल्याचा दाखला, यायला हवा. तो नसेल तर वेल्डिंग कितीही सुबक असलं तरी एएमई (परवानाधारक विमान देखभाल अभियंता) सही करू शकत नाही.

टाकीत पातळ सीलिंग रसायन ओतून, ती हलवून, आतून थर चढवण्याची जुनी युक्ती कुणी सुचवेल. ऐकू नका. काही वर्षांनी तो थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि थेट इंधनाच्या जाळीवर जाऊन बसतो. जुन्या विमानाच्या टाकीत असा थर दिसला तर तो दोष म्हणूनच धरा.

रबरी ब्लॅडर

ब्लॅडरचा मूळ दोष सुरकुती. पिशवी पंखाच्या पोकळीत बटणांनी किंवा चिकटपट्ट्यांनी ताणून धरलेली असते. एखादं बटण सुटलं की तळाला वळी पडते, आणि त्या वळीमागे पाणी अडकतं. सकाळी टाकीच्या तळाच्या ड्रेनमधून स्वच्छ निळं इंधन निघतं, कारण पाणी ड्रेनपर्यंत पोचलेलंच नसतं. उड्डाणात नाक वर झालं की ते वळीवरून ओसंडून थेट इंजिनाकडे जातं. नेमक्या याच कारणासाठी अमेरिकेची हवाई नियामक संस्था एफएए हिने १९८४ मध्ये एडी (एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे सुरक्षेचा आदेश) ८४-१०-०१ काढली. सेसना १८०, १८२, २०६, २१० अशा ब्लॅडरवाल्या विमानांत सुरकुत्या तपासणं, त्या काढणं आणि टाकीची झाकणं तपासणं तिने बंधनकारक केलं. असं विमान बघत असाल तर लॉगबुकात ही एडी कधी, कशी पूर्ण केली याची नोंद सर्वांत आधी काढायला लावा.

झाकणाचा मुद्दा तिथूनच येतो. जुनी झाकणं पंखाच्या पृष्ठभागाशी सपाट, थोड्या खळग्यात बसतात. पावसाळ्यात त्या खळग्यात पाणी साचतं आणि ओ-रिंग कडक झालेली असेल तर थेट टाकीत उतरतं. कडेने छत्रीसारखी वर आलेली झाकणं यावर उपाय म्हणून आली. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या विमानाला ती लावलेलीच हवीत.

टाकीत हवा आत घेणारी नळी बुजली तर ब्लॅडर आणखी एक खोड करते. कुंभारीण माशीला पंखाखालची ती बारीक नळी फार आवडते, आठवडाभरात मातीने बंद करून टाकते. पत्र्याच्या टाकीत अशा वेळी इंधनाचा प्रवाह कमी होतो. ब्लॅडरमध्ये पिशवीच आत ओढली जाते, तिचा तळ वर येतो, आणि त्यासोबत गेजचा तरंगता गोळाही. टाकी संपत आलेली, आणि काटा मात्र भरल्याचं दाखवतो. म्हणून ब्लॅडरवाल्या विमानात डिपस्टिकचा आकडा आणि गेजचा आकडा रोज ताडून बघायचा.

विदर्भाच्या उन्हात ब्लॅडर सुकते तीही रिकामी ठेवल्यामुळे. नायट्राइल रबर इंधनात भिजलेलं राहिलं तर मऊ राहतं. विमान दहा दिवसांपेक्षा जास्त उभं राहणार असेल तर टाक्या भरून ठेवा. रिकामंच ठेवणं भाग असेल तर आतून हलक्या इंजिन ऑइलचा हात द्या. फाटलेली ब्लॅडर धावपट्टीवर दुरुस्त होत नाही. ठिगळ मान्यताप्राप्त शॉपमध्येच बसतं, आणि पिशवी छोट्या झाकणातून घडी घालून काढताना आणखी फाटण्याची शक्यता असतेच. नवी बसवताना रबर कोमट आणि लवचिक हवं, त्यामुळे गोंदियातल्या जानेवारीच्या सकाळी हे काम करू नका. पोकळीतल्या प्रत्येक रिव्हेटवर आणि धारेवर टेप लावा, क्लॅम्प मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कपेक्षा जास्त आवळू नका.

इंटिग्रल टाकी

वजन कमी, जागा जास्त, आणि बदलायला सुटा भागच नाही. १७२ एस मध्ये एकूण ५६ गॅलन म्हणजे २१२ लिटर इंधन मावतं, त्यातलं ५३ गॅलन वापरता येतं. पण या प्रकारात नमुना काढायच्या जागा १३ आहेत, प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. तेराही जागी रोज कप लावायचा. तीन-चार ठिकाणी बघून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्याच्या हाती हे विमान देऊ नये.

गळती दिसली की लगेच विमान थांबवायचं का, हा प्रश्न याच टाकीबाबत जास्त येतो. डाग पुसून कोरडा करा, ३० मिनिटांनी ओला भाग मोजा. व्यास पाऊण इंचापर्यंत (१९ मिमी) असेल तर तो डाग, त्यापुढे दीड इंचापर्यंत (३८ मिमी) झिरप, आणि त्याहून मोठा म्हणजे जोराची झिरप. थेंब पडू लागले तर वाहती गळती. उघड्या भागातला डाग किंवा झिरप प्रत्येक उड्डाणानंतर बघत चालवता येते आणि पुढच्या मेंटेनन्सला दुरुस्त करता येते. वाहती गळती कुठेही असो, विमान उडवायचं नाही. आणि बंदिस्त जागेतला साधा डागही तितकाच गंभीर, कारण तिथे वाफ कोंडते. नेमके निकष मात्र तुमच्या विमानाच्या मॅन्युअलमधलेच धरायचे.

एक गोष्ट गळतीशी घोटाळू नका. पहाटे काठोकाठ भरलेल्या १०० लिटर ॲव्हगॅसचं (पिस्टन इंजिनाच्या विमानांच्या पेट्रोलचं) दुपारपर्यंत १७ अंशांनी तापमान वाढलं तर ते दीड-दोन लिटरने फुगतं आणि हवेच्या नळीतून टपकतं. नवतप्यात हे रोज घडेल.

दुरुस्तीत खरी अडचण सीलंटची. टाकीचा पॉलिसल्फाइड सीलंट दोन भाग मिसळून वापरतात. डब्यावर ‘बी-२’ लिहिलं असेल तर मिसळल्यावर दोन तास काम करता येतं, पण २५ अंशांला. साधारण साडेपाच अंश तापमान वाढलं की ही मुदत निम्मी होते. मेमध्ये शेडखाली ४२ अंश असतील तर दोन तासांची पंधरा मिनिटं राहतात. तोवर सीलंट चिकट गोळा होऊ लागतो, पृष्ठभागाला धरत नाही, आणि वरून गुळगुळीत दिसणारा जोड पुढच्या महिन्यात कडेने उचलतो. म्हणून हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा, किंवा पहाटे, एका वेळी ५० ग्रॅमपेक्षा जास्त न मिसळता करा.

क्रम असा: टाकी उपसा, वाफ काढा, गॅस डिटेक्टरवर वाफेचं प्रमाण पेट घेण्याच्या किमान मर्यादेच्या १० टक्क्यांखाली आल्याशिवाय हात घालू नका. आत स्फोटरोधक टॉर्च, अंगात सुती कपडे. जुना सीलंट कडक प्लास्टिकच्या खरवडणीने काढा, लोखंडी पात्याने पत्र्यावर चरे पडतात आणि तिथून गंज सुरू होतो. एमईके या सफाईच्या द्रावकाने पुसा, आणि ते आपोआप सुकायच्या आधी दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून घ्या. सुकू दिलं तर विरघळलेलं तेल तिथेच परत बसतं. बाहेर जिथे इंधन दिसतं तिथेच आत भोक असेल असंही नाही. इंधन स्ट्रिंगरच्या (पंखातल्या लांब आधारपट्टीच्या) कडेने हातभर लांब चालत जातं. बाहेरच्या ठिकाणी सीलंटचा लेप थापणं ही दुरुस्ती नव्हे, ती गळती लपवणं आहे.

तिन्हींना लागू

विमानाच्या ओ-रिंग ट्रॅक्टरच्या दुकानातून घेऊ नका. दिसायला त्या जुळ्या असतात. इंधनासाठीची एमएस २९५१३ आणि हायड्रॉलिकची एमएस २८७७५ एकाच मापाच्या मिळतात, पण दुसरी इंधनात फुगते. लाल ठिपका इंधनाची खूण मानतात, तरी पाकिटावरचा क्रमांक आणि क्युअर तारीख (रबर तयार झाल्याची तारीख) हाच पुरावा. पाकीट फोडून सुटी ठेवलेली ओ-रिंग वापरू नका.

रस्त्याकडेच्या पंपावरचं पेट्रोल आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं असतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, सीलंट मऊ करतं आणि हवेतली ओल शोषतं. ॲव्हगॅसचा पुरवठा उशिरा आला तरी तो मोह तिन्ही टाक्यांना महागात पडतो. जेट ए-१ वर चालणारं विमान घेत असाल तर लक्षात ठेवा, त्या इंधनाचा किमान फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो, ३८ अंश आहे. ‘केरोसीनसारखं आहे, पेट घेत नाही’ हे उन्हाळ्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरला खरं नाही, टाकीतलं तापमान त्याच्या वर जातं. भरताना बाँडिंगची तार (स्थिर विजेची ठिणगी टाळण्यासाठी विमानाला जोडायची तार) आधी जोडा. भेगाळलेल्या काळ्या मातीत अर्थिंगचा रॉड नुसता ठोकून भागत नाही, भोवती पाणी घालून ओल ठेवा.

इंजिनजवळच्या रबरी इंधन नळ्या सेसनाच्या मॅन्युअलप्रमाणे पाच वर्षांनी, टेफ्लॉन अस्तराच्या दहा वर्षांनी बदलतात. विक्रेत्याला बसवल्याची तारीख विचारा, उडालेले तास नव्हे, कारण उभ्या विमानाची नळीही म्हातारी होते.

कागद बघताना एडी आणि नुसता सल्ला यातला फरक धरा. एडी बंधनकारक, सर्व्हिस बुलेटिन किंवा सूचना-पत्र बहुधा ऐच्छिक. अहमदाबादला १२ जून २०२५ ला झालेल्या एअर इंडियाच्या विमानाच्या अपघाताच्या प्राथमिक अहवालात इंधन बंद करण्याच्या स्विचच्या लॉकबद्दल एफएएच्या २०१८ च्या सल्ल्याचा उल्लेख आहे. तो बंधनकारक नसल्यामुळे ती तपासणी झालेली नव्हती. अहवालाने त्याला अपघाताचं कारण म्हटलेलं नाही, पण १४ जुलैला डीजीसीएने तीच तपासणी २१ जुलैच्या आत करायला लावली. छोट्या विमानाच्या टाकी, झाकण, सिलेक्टर व्हॉल्व्ह (कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारी झडप) यांच्यावरची प्रत्येक बुलेटिन मागवा आणि किती केल्या, किती राहिल्या, याची यादी विक्रेत्याच्या एएमईच्या सहीने घ्या. ही यादी द्यायला जो कांकूं करतो, त्याच्याकडे टाकी कोणत्याही प्रकारची असली तरी सौदा करू नका.