तान्ह्या बाळाला स्टिरॉइड मलम: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझा मुलगा चार महिन्यांचा असताना त्याच्या गालांवर, कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या घडीत लाल, ओलसर चट्टे उठायला लागले. रात्रभर गाल गादीवर घासायचा, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. त्वचारोगतज्ज्ञांनी एक्झिमाचं निदान केलं आणि दोन मलमं लिहून दिली: चेहऱ्याला १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन आणि अंगाला ०.०५ टक्के फ्लुटिकासोन. दोन्ही स्टिरॉइड. आता तो वर्षाचा झालाय, तेव्हा अनुभव लिहायला हरकत नाही.

आधी निकाल सांगून टाकते. मलमांनी काम केलं आणि हार्मोनचा कुठलाही त्रास झाला नाही. पण एवढंच लिहून थांबले तर घोळ होईल, कारण आमच्याच घरात दुसऱ्या बाळाला स्टिरॉइड मलमाने चांगलंच आजारी पाडलं. आमच्या चिठ्ठीतला 'स्टिरॉइड' हा शब्द ऐकल्याबरोबर सासूबाई म्हणाल्या, "मुळीच लावायचं नाही. ताईच्या पोराचं काय झालं ते विसरलात?" त्यांची भीती उगाच नव्हती.

ताई म्हणजे माझी नणंद. तिचा मुलगा माझ्या मुलापेक्षा चार-पाच महिन्यांनी मोठा (तिला विचारूनच लिहितेय). तो दोन महिन्यांचा असताना त्याला डायपरचा रॅश उठला. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक मलम मिळालं, चिठ्ठी कुणी मागितली नाही. क्लोबेटासोल हे स्टिरॉइड, निओमायसिन हे अँटिबायोटिक आणि मायकोनाझोल हे बुरशीवरचं औषध, असं मिश्रण. दोन दिवसांत रॅश गेला, बंद केल्यावर परत आला, पुन्हा लावलं. मग प्रत्येक वेळी डायपर बदलताना तेच. आठवड्याला पंधरा ग्रॅमची एक ट्यूब संपायची, असं पुढे तिनेच डॉक्टरांना सांगितलं.

तीनेक महिन्यांत पोरगं असं गुटगुटीत झालं की येणारा-जाणारा म्हणायचा, काय बाळसं धरलंय! गाल तर इतके फुगलेले की समोरून पाहिलं तर कान दिसेनात. कपाळावर आणि पाठीवर बारीक लव आली होती, मानेच्या मागे चरबीचा उंचवटा होता, आणि दूध कितीही पाजलं तरी रडं थांबेना. हे सगळं एकत्र जोडून बघितलं ते लसीसाठी गेल्यावर बालरोगतज्ज्ञांनी. त्यांनी वाढीचा तक्ता आमच्यापुढे सरकवला. वजनाची रेघ सरळ वर निघालेली आणि लांबीची रेघ तीन महिने जवळजवळ आडवी. नुसत्या जास्त खाण्याने बाळ जाड झालं तर सहसा उंचीही वाढते. जाड होतंय पण लांब होत नाही, हे बघितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "याला कुठलं मलम लावता?"

मग छोट्या पट्ट्याने रक्तदाब मोजला, तो जास्त निघाला. सकाळी आठच्या रक्तात कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड हार्मोन, जवळपास नव्हतंच. निदान होतं बाहेरच्या स्टिरॉइडमुळे झालेला कुशिंग सिंड्रोम, म्हणजे अंगात स्टिरॉइड फार झाल्याने होणारा आजार. बाळाच्या अंगात कॉर्टिसोलसारखं रसायन ओसंडून वाहत होतं, तरी चाचणीत आकडा तळाला, हे मला आधी समजेना. डॉक्टरांनी सांगितलं ते असं: मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच नावाचा हार्मोन पाठवते, त्यावर मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल बनवतात. क्लोबेटासोल कातडीतून रक्तात उतरलं की पिट्युटरीला वाटतं माल भरपूर आहे, ती मागणी पाठवणं थांबवते आणि अॅड्रिनल हळूहळू आक्रसतात. रक्तचाचणीत बाळाचं स्वतःचं कॉर्टिसोल मोजतात, आणि तेच बनायचं थांबलेलं असतं.

क्लोबेटासोल हे सगळ्यात तीव्र गटातलं. त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की दिवसाला २ ग्रॅम इतक्या कमी मात्रेनेही अॅड्रिनल दबलेल्या आढळल्या आहेत, आणि १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ते सुचवलेलंच नाही. आता आठवड्याला पंधरा ग्रॅमचा हिशेब करा. दिवसाला २ ग्रॅमच्या वरच जातं, तेही पाच-सहा किलोच्या बाळाला. वजनाच्या मानाने तान्ह्याची कातडी मोठ्या माणसाच्या दोन-तीन पट असते, जांघेतली कातडी आधीच पातळ, आणि त्यावर डायपरचं प्लास्टिक म्हणजे वरून झाकणच. औषध आत जायला याहून सोयीची जागा नाही. डायपरच्या रॅशवर हेच मलम लावून तान्ह्यांना कुशिंग झाल्याचे रुग्ण भारतातून आणि तुर्कस्तानातून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत, म्हणजे आमचं घर जगावेगळं नव्हे. २०१८ मध्ये केंद्राने अशा चौदा स्टिरॉइडांच्या मलमांना चिठ्ठीशिवाय विकण्याची सूट काढून घेतली. काउंटरवर याचा फरक किती पडलाय ते तुम्हीच जाऊन बघा.

ताईचा सगळ्यात कठीण काळ मलम बंद केल्यानंतरचा होता, आणि हे फार कुणी सांगत नाही. रागाने ट्यूब कचऱ्यात टाकून मोकळं होता येत नाही. झोपलेल्या अॅड्रिनल लगेच जाग्या होत नाहीत, तोवर बाळाला अंगचं कॉर्टिसोलच नसतं. एकदम बंद केलं आणि ताप किंवा जुलाब लागले तर उलट्या, सुस्ती, साखर आणि रक्तदाब खाली, असा जिवावरचा प्रसंग येऊ शकतो. म्हणून कॉर्टिसोलच्या जागी त्याला हायड्रोकॉर्टिसोनची गोळी सुरू झाली. ताई गोळीचे बारीक तुकडे करून पूड पाण्यात कालवून चमच्याने द्यायची. मात्रा काही आठवड्यांनी थोडी थोडी उतरवत आणली. ताप आला तर डॉक्टरांनी लिहून दिलेली वाढीव मात्रा द्यायची, उलटी झाली तर थेट दवाखाना. 'या बाळाला स्टिरॉइड चालू आहे' असं लिहिलेला कागद तिच्या पर्समध्ये कायम असायचा. लग्नाला निघाली तरी आधी तो कागद आणि गोळ्या, मग साडी. गाल उतरायला काही महिने लागले. लांबीची रेघ पुन्हा वर वळली तेव्हा ताईने तक्त्याचा फोटो सगळ्यांना पाठवला. कॉर्टिसोल मात्र सावकाश आलं आणि गोळी पूर्ण सुटायला सगळ्यात जास्त वेळ गेला.

हे सगळं डोळ्यांसमोर असताना आपल्या बाळाला स्टिरॉइड लावायचं म्हणजे हात थरथरणारच. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी ना हसून उडवलं ना औषध बदललं, मोजायला शिकवलं. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढायची. हे बोट मोठ्या माणसाचं, बाळाचं नव्हे. ते साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढं मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचा अख्खा चेहरा आणि मान एका रेघेत होते. आमच्या मुलाचे चट्टे त्याहून कमी जागेवर होते, म्हणजे दिवसाला एक रेघही पुरेशी व्हायची. रोज रात्री एकदाच, चट्टा उठला की पाच-सहा दिवस, खरखर गेली की बंद. नंतर जिथे वारंवार उठायचं तिथे आठवड्यातून दोनदा. डायपरखाली कधीच नाही. फ्लुटिकासोनची पंधरा ग्रॅमची ट्यूब आम्हाला दोन महिन्यांच्या वर गेली. ताईची आठवड्यात संपायची.

काय आवडलं: तिसऱ्या रात्री मुलगा सलग झोपला, आणि त्याच्याबरोबर आम्हीही. काय नाही आवडलं: चट्टे बसले तिथे फिकट डाग राहिले आणि मला वाटलं आता हे कोड. डॉक्टर म्हणाले, जळजळ बसल्यावर सावळ्या कातडीवर असं राहतं. काही महिन्यांत रंग भरला. कॉर्टिसोलची चाचणी करून घ्यावी असा माझा हट्ट होता, त्यांनी नको म्हटलं. एवढ्या थोड्या औषधाला, एवढ्या थोड्या जागेवर, बाळाला सुई टोचायचं कारण नाही. त्याऐवजी प्रत्येक भेटीत वजन आणि लांबी. मला हे पटलं, कारण ताईच्या मुलाचं भांडंही लांबीच्या रेघेनेच फोडलं होतं.

अर्धं काम मात्र स्टिरॉइडचं नव्हतंच, ते साध्या मॉइश्चरायझरचं. दिवसातून तीन-चार वेळा, हात आखडता न घेता. डाळीच्या पिठाने घासणं बंद केलं, आंघोळ कोमट पाण्याने आणि पाच-सात मिनिटांत उरकायची. धुरी बंद करण्यावरून सासूबाईंशी आठवडाभर अबोला होता. शेवटी खोलीभर धूर न करता वेखंडाची पुरचुंडी पाळण्याला बांधायची, अशी तडजोड झाली.

पाचपैकी चार गुण देते. एक कापला तो आतल्या कागदासाठी. इतक्या बारीक इंग्रजीत आहे की सासूबाईंनी चष्मा लावूनही काही हाती लागलं नसतं, आणि तान्ह्याला किती, कुठे, किती दिवस, हे मराठीत एका ओळीतही नाही. आम्ही चिकटपट्टीवर 'चेहरा' आणि 'अंग' लिहून ट्यूबांना लावलंय, आणि उघडल्याची तारीखही.