पीएस५ की सिरीज एस? हळूहळू खेळणाऱ्या माणसाचं मत

बोनस झाला की ऑफिसातला कोणी ना कोणी विचारतोच, गेम खेळायला मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस कन्सोल घेऊ की सोनीचा पीएस५, आणि विचारणाऱ्याच्या मोबाईलवर तोवर दहा टॅब उघडून झालेले असतात, टेराफ्लॉप काय, रॅम काय, सगळं त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ. ते इथे परत सांगत बसत नाही. मी दोन्ही वापरलेत एवढंच माझं भांडवल. सिरीज एस मेव्हण्याचा, तो ऑनसाईटला गेला तेव्हा आमच्याकडे ठेवून गेला आणि बराच काळ आमच्याच टीव्हीला लागलेला होता. नंतर स्वतःच्या पैशाने घेतला तो पीएस५, डिस्कवाला, म्हणजे गेमची डिस्क घालायची खाच असलेला. म्हणजे माझा कल कुठे आहे ते कळलंच असेल, पण सगळ्यांनी तेच घ्यावं असं काही माझं म्हणणं नाही, का घेतला ते ऐका आणि तुमचं तुम्ही ठरवा.

सिरीज एसचा मोठा भाऊ सिरीज एक्स मुद्दाम बाजूला ठेवलाय. तो पीएस५ च्या भावात जातो आणि मी ज्या दुकानांत विचारलं तिथे "सर मागवून देतो" हेच उत्तर मिळालं, त्यामुळे आपल्या ओळखीपाळखीत खरी चुरस या दोघांतच असते.

पैशाचं आधी उरकू. १० नोव्हेंबर २०२० ला सिरीज एस भारतात आला तो ३४,९९० ला, पीएस५ आपल्याकडे उशिरा आला, २ फेब्रुवारी २०२१ ला, डिस्कवाला ४९,९९० आणि बिनडिस्कचा ३९,९९०. नंतर भाव हलत राहिले, पीएस५ चं आटोपशीर केलेलं मॉडेल, पीएस५ स्लिम, २०२४ च्या एप्रिलमध्ये ५४,९९० ला आला, शिवाय सेल, बँक ऑफर, एक्सचेंज असली भानगड असतेच, त्यामुळे आजचा आकडा तुम्हीच बघा. पण सुरुवातीचा तो पंधरा हजारांचा फरक डोक्यात पक्का बसतो आणि तिथेच बरेच जण सिरीज एस उचलून घरी येतात. चूक नाही त्यात. मात्र सोनीच्या स्वतःच्या मोठ्या नवीन गेमची डिस्क तेव्हा ४,९९९ ची असायची, म्हणजे पंधरा हजारात तीन नवे गेम, तेव्हा हा फरक नेमका कुठे जातो ते पुढे बघू.

सिरीज एसचं कौतुक मनापासून करतो. एवढासा डबा, शोकेसच्या कप्प्यात बसतो, आवाज जवळपास नाहीच. पहिला पीएस५ आठवतोय का, ३९ सेंटीमीटर उंच, उभा ठेवला की टीव्ही युनिटचा कप्पाच कापून घ्यावा लागेल असा. स्लिम जरा माणसात आला, पण लहान म्हणता येणार नाही. आणि लाईटचं बघा. माझं गाव सांगलीकडचं, तिकडे उन्हाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, इन्व्हर्टरवर दोन पंखे, एक ट्यूब, टीव्ही आणि राऊटर चालतो, त्यावर सिरीज एस लावला तर कोणाला पत्ता लागत नाही, तो शंभर वॉटच्या आतच खातो. पीएस५ मोठा गेम चालू असला की दोनशेच्या आसपास जातो आणि मग वडील येऊन बॅटरीकडे बघून जातात, बोलत काही नाहीत.

शिवाय सिरीज एसचं क्विक रिझ्यूम. गेम अर्धवट सोडून कन्सोल झोपवला, रात्रीत लाईट जाऊन आली, तरी सकाळी गेम जिथे होता तिथेच उघडतो, तेही एक नाही तर तीन-चार गेम. पीएस५ ला रेस्ट मोडमध्ये ठेवलं आणि लाईट गेली तर पुन्हा चालू करताना आधी नीट बंद न केल्याबद्दल बोलणी, मग स्टोरेज तपासणी, आणि तो थांबवलेला गेम काही परत मिळत नाही, शेवटच्या सेव्हपासून सुरू करा. या एका बाबतीत मायक्रोसॉफ्टवाल्यांनी खरंच बाजी मारलीय. मी आता पीएस५ रात्री पूर्ण बंदच करतो, सवय झाली.

स्टोरेजचं थोडक्यात सांगतो. सिरीज एसच्या ५१२ जीबीतले हाताला लागतात साधारण ३६४, म्हणजे दोन-तीन थोराड गेम आणि वर काही किरकोळ, की झालं "हा उडव, तो उडव" सुरू. १ टीबीचा काळा २०२३ मध्ये आला तो या बाबतीत बरा. वाढवायचं तर त्यांचं ते खास कार्डच लागतं, पीएस५ मध्ये बाजारात मिळणारी एम डॉट टू एसएसडी (स्टोरेजची छोटी पट्टी) झाकण काढून बसवता येते, फक्त वेग आणि हीटसिंक (ती तापू नये म्हणून लावलेली धातूची पट्टी) बघून घ्या. एवढंच.

ताकदीचा मुद्दा मी खरं तर काढणार नव्हतो, कारण सोफ्यावर लांब बसून ४३ इंची टीव्हीवर सिरीज एसचं १४४०पी चित्र आणि पीएस५ चं जास्त बारकाव्याचं ४के यांतला फरक माझ्या डोळ्यांना तरी फारसा दिसत नाही. पण एक गोष्ट झाली ती सांगायला हवी. बाल्डर्स गेट ३ पीएस५ वर २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आला आणि एक्सबॉक्सवाले डिसेंबरपर्यंत ताटकळले, कारण सिरीज एसवर एकाच टीव्हीवर दोघांनी खेळायचा मोड चालेना आणि मायक्रोसॉफ्टचा नियम असा की सिरीज एक्सवर जे आहे ते एसवरही पाहिजे. शेवटी एसवर तो मोड वगळूनच गेम आला. ब्लॅक मिथ वुकाँग पीएस५ वर २०२४ च्या ऑगस्टमध्ये, एक्सबॉक्सवर पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये. दरवेळी असंच होईल असं नाही, पण कन्सोल सात-आठ वर्षं वापरणार असाल तर छोट्या भावाला पुढे पुढे धाप लागणार हे धरून चाला.

एक्सक्लुझिव्हचं, म्हणजे एकाच कंपनीच्या कन्सोलवर मिळणाऱ्या गेमचं, भांडण तर आता जवळपास संपलंच. मी ज्यासाठी एक्सबॉक्सकडे बघायचो तो फोर्झा होरायझन ५, तोच २०२५ च्या एप्रिलमध्ये पीएस५ वर आला. सी ऑफ थीव्ह्ज त्याच्या वर्षभर आधी. हेलोसुद्धा येणार म्हणून जाहीर केलंय, हे कोणी दहा वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर हसलो असतो. उलट गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक, स्पायडरमॅन २, अ‍ॅस्ट्रो बॉट हे एक्सबॉक्सवर गेलेले नाहीत. म्हणजे वाहतूक जवळपास एकाच बाजूने चालू आहे. तुम्ही फक्त फुटबॉलचा एफसी आणि क्रिकेट २४ खेळणार असाल तर याचा काही संबंध नाही, ते दोन्हीकडे आहेत.

आता मूळ दुखणं. गेम पास, एक्सबॉक्सचं सबस्क्रिप्शन. सगळे सांगतात की सिरीज एस म्हणजे गेम पास, महिन्याला ठरावीक पैसे आणि शेकडो गेम, आणि खरंच, ज्याने कोणी हे डोकं चालवलं त्याला मानलं पाहिजे. पहिले काही आठवडे मीही वेड्यासारखं डाऊनलोड करत होतो. पण माझं खेळणं कसं, तर पोरगी झोपली, भांडी आवरली, दुसऱ्या दिवशीचा डबा काय ते ठरलं, की मग दहा-साडेदहाला तासभर, तोही डोळे मिटत नसतील तर. गणपतीत दहा दिवस कंट्रोलरला हात नाही, मार्च एंडिंगला तर विचारूच नका. चाळीस तासांचा गेम मला चार-पाच महिने पुरतो. आणि सबस्क्रिप्शन असलं की मी खेळत नसतानाही डोक्यात ते चालूच असतं, रिक्षा सिग्नलला उभी आणि मीटर पळतंय, आपण मागे बसून मीटरकडेच बघतोय, तसं. मग काय होतं, थकलेलो असतानाही "पैसे भरलेत ना, बस खेळायला" असं स्वतःलाच दटावून बसायचं. एक गेम आवडायला लागला की दुसरा खुणावतो, कारण तोही फुकटच आहे ना, मग पहिला तिथेच राहतो. अर्धवट सोडलेल्या गेमची यादीच तयार झाली होती आणि खेळणं म्हणजे गृहपाठ वाटायला लागलं होतं.

त्यात कॅटलॉग बदलत असतो. गेम पासमधून गेम जातात, सोनीच्या तशाच सबस्क्रिप्शनमधून, प्लस एक्स्ट्रामधूनही जातात, दोघंही थोडे दिवस आधी सांगतात, पण माझ्यासारख्याला थोडे दिवस म्हणजे दोन रविवार. विकत घ्यायचा तर घ्या, नाहीतर सेव्ह फाईल तुमच्याकडे आणि गेम त्यांच्याकडे. यात दगाफटका काही नाही, भाड्याचं घर ते भाड्याचंच. पण मला ते टोचतं.

आणि भाडं वाढतं हेही आलंच. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गेम पासच्या सगळ्यात वरच्या प्लॅनचा, अल्टिमेटचा, दर अमेरिकेत महिना वीस डॉलरवरून एकदम तीस डॉलरच्या घरात नेला, आपल्याकडेही तो दणका बसलाच. वर आपली खास भर म्हणजे रिझर्व्ह बँकेचा ऑटो-डेबिटचा नियम, १ ऑक्टोबर २०२१ पासूनचा, त्यानंतर कार्डावरून महिन्याचे पैसे कापायला आधी मँडेट (बँकेला दिलेली परवानगी), ओटीपी असलं सगळं. नियम चांगलाच आहे, आपल्याच भल्याचा आहे, पण माझ्या बँकेत ते मँडेट कधी बसायचं, कधी नाही, आणि नेमकं शनिवारी रात्री गेम उघडायला जावं तर सबस्क्रिप्शन संपलेलं. आता ओटीपी शोधा. बायकोच्या फोनवर येतो तो, कारण अकाऊंट जॉइंट आणि नंबर तिचा, आणि ती झोपलेली.

याउलट डिस्क. डिस्क कपाटात पडून राहते, काही मागत नाही. गणपती होऊ दे, मार्च जाऊ दे, मे महिन्यात लावा. पैशाचं म्हणाल तर हिशोब मी लिहून ठेवलेला नाही, पण अंदाज सांगतो: नवीन गेम आल्या आल्या मी घेतच नाही, सहा-आठ महिने थांबतो, तोवर सेकंडहँड डिस्क निम्म्या किमतीला फिरायला लागते, ती घ्यायची, सावकाश संपवायची आणि तीन-चारशे रुपये कमी करून पुढच्याला द्यायची. मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर दुकानात अदलाबदल होते, नाहीतर ओएलएक्स आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेतच. आमच्या सोसायटीत तिघांकडे पीएस५ आहे आणि डिस्का आपोआप फिरत असतात, कोणाची कोणाकडे आहे हे फक्त वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंच्या नातवाला माहीत. सिरीज एसमध्ये हा व्यवहारच नाही. खाचच नाही तर डिस्क घालणार कुठे. घेतलेला गेम तुमच्या अकाऊंटला चिकटला तो चिकटला, मेव्हण्याला नाही देता येत की विकता येत नाही. पंधरा हजारांचा फरक माझ्याकडे असाच भरून निघाला, दोनेक वर्षांत म्हणा. तुमचा निघेल की नाही ते तुम्ही वर्षाला किती गेम घेता यावर आहे.

उगाच डिस्कची आरती करत नाही. डिस्क घातली तरी गेम एसएसडीवर उतरवावाच लागतो, आणि वर पॅच (गेमच्या दुरुस्तीचं अपडेट) येतो तो कधी कधी निम्म्या गेमएवढा. नेट बेकार असेल तर पॅचला रात्र जाते. पण निदान पॅच येईपर्यंत बहुतेक गेम चालू तरी होतात, शंभर जीबीचं डाऊनलोड शून्यापासून करत बसावं लागत नाही. आमच्या गावच्या केबलवाल्याच्या फायबरवर सिरीज एसला मोठा गेम उतरवायला लावला की घरातले बाकीचे मला शिव्या घालायचे, कारण कोणाचाच व्हिडिओ हलायचा नाही.

म्हणूनच बिनडिस्कचा पीएस५ माझ्या मते या दोघांपेक्षाही वाईट सौदा, म्हणजे पैसे पीएस५ चे आणि बंधन सिरीज एसचं. स्लिमला ड्राईव्ह नंतर लावता येतो हे खरं, पण मी त्या भरवशावर राहणार नाही.

सिरीज एस मग कोणी घ्यावा? घरात दोन-तीन पोरं आहेत, सुट्टीभर बसणार, दर आठवड्याला नवीन काहीतरी पाहिजे, नेट झकास आहे, तर बिनधास्त घ्या, त्या घरात मीटर पळत नाही, तिथे ते वसूल होतं. हॉस्टेलवर राहणाऱ्याने घ्यावा, बॅगेत जातो. फक्त फोर्टनाईटसारखं फुकट खेळणाऱ्यानेही घ्यावा, त्याला दोन्हीकडे सबस्क्रिप्शन लागत नाही.

मध्येच कोणीतरी निन्टेन्डो स्विचचं विचारतो. छान वस्तू आहे, पुण्याच्या नॉडिंग हेड्सवाल्यांचा राजी २०२० मध्ये सगळ्यात आधी स्विचवरच आला होता, पण कंपनी भारतात अधिकृतपणे विकत नाही, ग्रे मार्केटमधून, म्हणजे कंपनीला वगळून बाहेरून आणलेला माल विकणाऱ्याकडून घ्यायचा, वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर, आणि गेम सहसा स्वस्त होत नाहीत. ज्याचं कोणी सिंगापूरहून येणार असेल त्याने बघावं.

पीएस५ घेणार असाल तर खोक्यावर डिजिटल एडिशन लिहिलेलं नाही ना ते दुकानातच वाचा, फोटो दोन्हींचे सारखेच दिसतात. सेकंडहँड डिस्क उजेडात तिरकी धरून बघा, आणि शक्य असेल तर विकणाऱ्याच्याच कन्सोलवर लावून दाखवायला सांगा. अमेरिकेहून चुलतभाऊ डिस्क आणतो म्हणाला तर आणू द्या, डिस्क इथे चालते, पण तिचं डीएलसी, म्हणजे गेमचे वेगळे विकत घ्यायचे भाग, आपल्या भारतातल्या अकाऊंटवरून घेतलंत तर बहुधा जुळत नाही, त्यामुळे ज्या गेमचे एक्स्ट्रा भाग घ्यायचे आहेत त्याची डिस्क इथलीच घ्या.