२०० केव्हीएआर एपीएफसी पॅनेल: पैसे वसूल, पण जोडणी नीट तपासा

एपीएफसी पॅनेल गरजेप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडून-सोडून पॉवर फॅक्टर (एकूण घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामाला आलेला हिस्सा) १ च्या जवळ ठेवतं. महावितरण उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे एकूण घेतलेल्या विजेवर बिल लावतं. १ लाख केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष कामाची वीज) वापरात पॉवर फॅक्टर ०.९५ असेल तर बिलात १,०५,२६३ युनिट येतात, ०.९९ ला १,०१,०१०. फरक सव्वाचार हजार युनिटचा. पॅनेलची किंमत यातूनच निघते.

कपॅसिटरचे टप्पे १०, १५, २५ आणि ५० चे तीन (केव्हीएआर म्हणजे कपॅसिटरची क्षमता मोजायचं एकक). लहान टप्पे दिलेत हे फार बरं केलं. रविवारी कारखाना बंद असताना मोठा कपॅसिटर लागून राहिला की पॉवर फॅक्टर लीडिंग होतो (कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त पडतो), आणि केव्हीएएच बिलात तोही महागच पडतो.

व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) जास्त असतील तर ७ टक्के रिअॅक्टरवालं मॉडेलच घ्या; ही कॉइल कपॅसिटरला ड्राइव्हच्या हार्मोनिक्सपासून वाचवते. मात्र रिअॅक्टरमुळे ४१५ व्होल्टच्या लाइनवर कपॅसिटरला साधारण ४४६ व्होल्ट बसतात. ४४० चे कपॅसिटर लवकर फुगतात. कोटेशनमध्ये ५२५ व्होल्ट लिहून घ्या. स्वस्त कोटेशन बहुधा इथेच स्वस्त झालेलं असतं.

बसवणाऱ्यांची नेहमीची चूक सीटीची (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची). सीटी मेन इनकमरवर (मुख्य पुरवठा आत येतो तिथे), लोड आणि कपॅसिटर दोन्हींच्या आधी हवी. ती आर फेजवर असेल तर कंट्रोलरला (टप्पे कधी जोडायचे ते ठरवणाऱ्या यंत्राला) व्होल्टेज उरलेल्या दोन फेजचं, वाय-बीचं द्यायचं (सेटिंग वेगळं नसेल तर). हे चुकलं की टप्पे उगाच लागत-सुटत राहतात आणि ते जोडणारे स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, जळतात.

जनरेटरचा इंटरलॉक (जनरेटर चालू असताना कपॅसिटर सोडवणारी जोडणी) किमतीत धरलेला नाही, ही खरी उणीव. लाइट गेल्यावर हलक्या लोडवर कपॅसिटर जोडलेले राहिले तर डीजीचं (डिझेल जनरेटरचं) व्होल्टेज चढतं. डीजीच्या ब्रेकरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट कंट्रोलरला जोडून घेतल्याशिवाय पॅनेल ताब्यात घेऊ नका.