सड्यावरची फुलं की खेकडे?

सायंटिफिक इलस्ट्रेशन, म्हणजे शोधनिबंधांसाठी झाडांची-प्राण्यांची नेमकी चित्रं, करायचं हे तुमचं ठरलंय असं धरतो. उजेड डावीकडून वरून घ्यायचा, खरं माप दाखवणारी रेघ, म्हणजे स्केल बार, विसरायचा नाही, हे काही मी सांगत बसत नाही. रत्नागिरीत राहून खरा प्रश्न पडतो तो हात कशावर बसवायचा याचा. मी दोन्ही करून पाहिलंय.

फुलांचा मोह आधी पडतो. श्रावणात सड्यावर, म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या उघड्या पठारावर, गेलात की सीतेची आसवं, गेंद, मधेच दवबिंदू. वही न उघडणारा माणूस विरळा. शिवाय ही चित्रं विकायला सोपी. शोधनिबंधात नाही गेली तर होमस्टेच्या भिंतीवर जातात. खेकडा कोणी हॉलमध्ये लावत नाही. मावशीला मी एक मुठा, म्हणजे गोड्या पाण्यातला खेकडा, काढून फ्रेम करून दिला होता, तो अजून कपाटात आहे.

माझं घोडं अडलं सीतेच्या आसवांपाशी. एवढंसं निळं फूल, आणि त्याचा ओठ नि मागची शेपटी यांचा कोन नेमका हवा. ओल्या रुमालात गुंडाळून, डब्यात घालून स्कूटरवरून घरी आणलं, तर मायक्रोस्कोपखाली पाकळी स्वतःलाच चिकटलेली. वाळलेलं फूल गरम पाण्यात भिजवून उलगडता येतं, पण तो ताठपणा काही परत येत नाही. सड्यावरच बसून काढावं तर भिंगावर वाफ आणि कागद पापडासारखा फुगलेला. एका फुलासाठी आठवड्यात चार फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी तिथून गुरं चरून गेली होती.

खेकडा थांबतो. चिंबोरीच्या, म्हणजे खाडीतल्या मोठ्या खेकड्याच्या, पाठीच्या कडेला दोन्ही बाजूंना नऊ-नऊ दात असतात. मी एकदा एका बाजूला आठच काढले. डोळ्यालगतचा पहिला मोजायचा राहिला होता. शोधनिबंध तपासणाऱ्यांनी चूक कळवली, तोवर महिना उलटलेला. फ्रीजरमधून तीच चिंबोरी काढली, मोजली, दात घातला, पुन्हा आत. सड्यावर ही सोय नाही.

रंग खेकड्याचाही उतरतो, तो ताजा असतानाच टिपून ठेवावा. पण जाती ओळखणाऱ्यांना बहुतेकदा रेघ हवी असते, त्यातही नराच्या पोटाखालचा गोनोपॉड, म्हणजे मीलनाचा अवयव. तो कडक असतो. कितीही वेळा पाहा, तसाच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून हात रिकामा राहील असंही नाही. पहिल्या पावसाला वहाळात, शेतात मुठे निघतातच.

फुलांवर जीव असेल तर जरूर तिकडे जा, माझा सड्याशी काही वाद नाही. फक्त खेकडे घेतलेत तर डब्यावर ‘चित्राचे, शिजवू नयेत’ असं ठळक लिहा. पहिल्या वर्षी मी लिहिलं नव्हतं. आईने सार छान केलं होतं.