नुसता वारा, की तिन्ही धोके एकत्र?

मावसभाऊ राहायला सोलापुरात, पण घर अलिबागच्या खाडीकाठी. तो विचारतो, वादळाची श्रेणी बघू की वारा-उधाण-पाऊस असा एकत्रित अंदाज?

श्रेणी झटकन कळते: वारा ताशी 62 किलोमीटरवर गेला की चक्रीवादळ. पण ती पाऊस मोजतच नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये काकीनाड्याकडून आलेली कमी दाबाची प्रणाली चक्रीवादळात मोडतही नव्हती. तरी भीमेला महापूर आला, पंढरपुरात घाटाची भिंत कोसळून माणसं गेली.

एकत्रित अंदाज किचकट. भरतीची वेळ, नदीची पातळीही बघावी लागते. पण उधाणानं खाडीचं तोंड अडलं की पावसाचं पाणी गावातच तुंबतं, ते यातच कळतं.

पत्रे बांधायचे तर श्रेणी पुरे. अलिबागच्या घराला एकत्रित अंदाजच हवा. सोलापुरात पाऊस आणि भीमेवरच्या उजनी धरणाचा विसर्ग बघ.